पथदीप-नियंत्रक, प्रकाशसंवेदी : इतिहास व संग्रह

सायंकाळी नैसर्गिक उजेड ठरावीक पातळीच्या खाली गेला म्हणजे रस्त्यावरील दिवा आपोआप लावणाऱ्या आणि सकाळी उजेड वाढला म्हणजे तो मालविणाऱ्या साधनास प्रकाशसंवेदी पथदीप-नियंत्रक म्हणतात. दिव्याच्या आवरणावर किंवा खांबाच्या माथ्यावर बसविलेली मुठीएवढी वा त्याहून लहान डबी, हे त्याचे नेहमीचे स्वरूप होय. तीत प्रकाश ओळखणारा घटक, त्याच्या सूचनेनुसार विद्युत् मंडल जोडणारा वा तोडणारा खटका आणि क्षणिक उजेडाने साधन फसू नये म्हणून केलेली विलंबाची योजना, असे तीन भाग असतात.

ही साधने लहान, स्वस्त आणि उंचावर असल्यामुळे त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बिघडली की ती बदलतात आणि जुनी टाकून देतात. तथापि गेल्या काही दशकांत ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत पथदीपांचा संग्रह करणाऱ्या हौशी व्यक्तींनी दिव्यांबरोबर त्यांचे नियंत्रकही जमविण्यास प्रारंभ केला आणि त्यांतील अल्पपरिचित, चमत्कारिक वा अल्पायुषी ठरलेल्या प्रकारांकडे विशेष लक्ष पुरविले. हा संग्रह वरवर क्षुल्लक वाटला, तरी त्याला ऐतिहासिक महत्त्व आहे. प्रत्येक नियंत्रकात दोन निर्णय साठविलेले असतात : किती अंधार झाला म्हणजे रात्र समजावी, हा पहिला आणि साधन निकामी झाल्यास दिवा लागलेला राहावा की विझलेला, हा दुसरा. हे निर्णय नगरपालिकांच्या इतिवृत्तांत क्वचितच सविस्तर नोंदलेले आढळतात. ते प्रत्यक्ष वस्तूत मात्र वाचता येतात.

पूर्वपीठिका : लंडनमधील पॅल मॅल या रस्त्यावर १८०७ मध्ये वायुदीपांचे प्रात्यक्षिक झाले आणि त्यानंतर यूरोपातील शहरांत वायूची पथदीपव्यवस्था पसरली. प्रत्येक दिवा लावण्यासाठी व विझविण्यासाठी माणूस फिरत असे. मुंबईत रस्त्यांवर वायुदीप प्रथम ऑक्टोबर १८६५ मध्ये लागले. एस्प्लनेड, चर्चगेट मार्ग आणि भेंडी बाजार या भागांत दिवे लावीत जाणाऱ्या कामगारांमागून बघ्यांची गर्दी चालत असे. या पद्धतीत रात्र केव्हा सुरू झाली, हे व्यवहारतः कामगाराच्या फेरीवरून ठरे. फेरीतील पहिला दिवा उजेडीच लागे आणि शेवटचा काळोख पडल्यावर.

माणसाच्या फेरीवाचून दिवे लावण्याचे दोन मार्ग वायुदीपांच्या काळातच रूढ झाले. एकात वायुकेंद्रातून नळातील दाब थोडा वेळ वाढवीत असत. या दाबलहरीने प्रत्येक दिव्यातील झडप फिरे आणि तेवत ठेवलेल्या लहान ज्योतीवर मुख्य ज्योत पेटे. दुसऱ्यात दिव्याच्या आतच किल्लीचे घड्याळ बसविलेले असे. इंग्लंडमधील बाथ येथील हॉर्स्टमन कंपनीची अशी घड्याळे प्रसिद्ध आहेत. साध्या घड्याळाची अडचण अशी, की सूर्यास्ताची वेळ रोज बदलते. यावर ‘सौर तबकडी’ हा उपाय निघाला. तीत वर्षातून एक फेरा पूर्ण करणारी, त्या त्या अक्षांशासाठी विशिष्ट आकारात कापलेली उत्केंद्री चकती दिवा लावण्याची व मालविण्याची वेळ रोज थोडी थोडी सरकविते. अशी तबकडी ज्या अक्षांशासाठी बनविली असेल, त्याखेरीज अन्यत्र चुकीची वेळ दाखविते; म्हणून तिच्यावरून ती कोणत्या प्रदेशासाठी घडविली, हे ओळखता येते. संग्राहकांच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय.

घड्याळ कितीही कुशल असले, तरी ते आकाश पाहत नाही. दाट धुके, वादळी ढग अथवा धूर यांमुळे दुपारीच अंधारले, तर घड्याळाचा दिवा विझलेलाच राहतो. प्रत्यक्ष उजेडावर चालणाऱ्या साधनाची गरज या उणिवेतून निर्माण झाली.

सूर्यझडप : उजेडावर चालणारा व्यवहारात यशस्वी ठरलेला पहिला महत्त्वाचा नियंत्रक विद्युतीय नव्हता. स्वीडिश अभियंता गुस्ताव्ह दालेन (१८६९–१९३७) याने १९०७ मध्ये ‘सूर्यझडप’ शोधून काढली. तीत काजळीसारखा काळा लेप दिलेली एक मधली कांडी आणि तिच्याभोवती चकचकीत केलेल्या तीन कांड्या असत. हवेच्या तापमानातील फरक चारही कांड्यांना सारखाच लागू होई. त्यामुळे केवळ उष्ण वा थंड हवेने झडप हलत नसे. मात्र दिवस उजाडला, की काळी कांडी प्रकाश शोषून चकचकीत कांड्यांपेक्षा किंचित अधिक लांब होई आणि हा सूक्ष्म फरक तरफेने वाढवून ॲसिटिलीन वायूची वाट बंद केली जाई. अंधारात ती आखडली, की वायू पुन्हा वाहू लागे आणि लहान ज्योतीवर दिवा पेटे.

ही झडप मुख्यतः दीपगृहे व समुद्रातील दीपबोये यांसाठी वापरली गेली. जेथे महिनोन् महिने माणूस पोहोचू शकत नसे, तेथे तिच्यामुळे वायूचा साठा दीर्घकाळ पुरू लागला. या शोधांबद्दल दालेनला १९१२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी प्रयोगाच्या वेळी झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. म्हणून त्याच्या भावाने ते स्वीकारले. सूर्यझडप ही पथदीपाची वस्तू नसली, तरी नियंत्रकांच्या संग्रहात तिला मानाचे स्थान असते. तापमानाचा परिणाम दुसऱ्या समान घटकाने रद्द करून फक्त प्रकाशाचा परिणाम शिल्लक ठेवणे, हे तिच्यातील तत्त्व नंतरच्या विद्युतीय साधनांनाही उपयुक्त ठरणारे होते.

सिलिनियम व निर्वात नलिका : बेर्सेलियसने १८१७ मध्ये शोधलेले सिलिनियम हे मूलद्रव्य प्रकाशात अधिक विद्युत् संवाहक बनते, ही गोष्ट विलबी स्मिथ या इंग्रज विद्युत् अभियंत्याने १८७३ मध्ये जाहीर केली. समुद्री तारायंत्राच्या केबलीची चाचणी घेताना मोठा रोध म्हणून सिलिनियमाच्या कांड्या वापरल्या जात. त्यांचा रोध स्थिर राहत नाही आणि हा फरक प्रकाशामुळे पडतो, असे या कामात आढळून आले. म्हणजे प्रकाशसंवेदी नियंत्रकाचे मूळ एका सदोष वाटलेल्या रोधकात आहे. सिलिनियमावर चालणारी साधने पुढे बनविली गेली. परंतु हा पदार्थ उजेडातील बदलाला सावकाश प्रतिसाद देतो, दीर्घकाळ प्रकाशात राहिल्यास ‘थकतो’ आणि तापमानानुसारही बदलतो. रस्त्यावर वर्षानुवर्षे विनादेखरेख राहण्याच्या कामी तो फारसा टिकला नाही.

१८८७ मध्ये हर्ट्‌झने निरीक्षिलेल्या प्रकाशविद्युत् परिणामाचे स्पष्टीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दिले [→ प्रकाशविद्युत्]. या परिणामावर आधारलेल्या निर्वात व वायुभरित प्रकाशनलिका १९२० ते १९४० या काळात उद्योगांत वापरात आल्या. पथदीपांच्या कामी नलिकेतून मिळणारा अत्यंत क्षीण प्रवाह विवर्धक नलिकेने वाढवून त्यावर रिले चालवीत असत. असे साधन मोठे व महाग असल्यामुळे ते प्रत्येक दिव्यावर बसविणे शक्य नव्हते. अमेरिकेत त्या काळी अनेक दिवे एकसरी जोडून स्थिर प्रवाहाने चालविले जात. अशा संपूर्ण मंडलासाठी एकच ‘डोळा’ पुरत असे. जाड काचेची खिडकी असलेल्या, ओतीव धातूच्या वजनदार पेटीतील ही साधने आज दुर्मिळ आहेत. मंडले मोडीत निघाली, तेव्हा पेट्या भंगारात गेल्या आणि नलिका बहुधा फुटल्या. एखाद्या संग्रहात नलिकेसह पूर्ण पेटी असणे, हे म्हणूनच उल्लेखनीय समजले जाते.

कॅडमियम सल्फाइड व औष्णिक नियंत्रक : दुसऱ्या महायुद्धानंतर कॅडमियम सल्फाइडाचे प्रकाशसंवाहक घट स्वस्तात बनू लागले आणि परिस्थिती पालटली. या पदार्थाची संवेदनक्षमता दृश्य प्रकाशातील हिरव्या भागाजवळ सर्वाधिक असते, म्हणजे ती मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेशी बरीच जुळते. शिवाय त्याच्यातून इतका प्रवाह जाऊ शकतो, की विवर्धकाची गरज उरत नाही. परिणामी मंडलाचा एक डोळा जाऊन प्रत्येक दिव्याला स्वतःचा डोळा मिळाला.

या पिढीतील सर्वांत प्रसार पावलेला प्रकार औष्णिक नियंत्रक होय. त्याची रचना विलक्षण साधी असते. प्रकाशसंवाहक घटाशी एक लहान तापक रोधक एकसरी जोडलेला असतो आणि त्याच्या निकट द्विधातुपट्टी असते. दिवसा घटाचा रोध कमी होतो, तापकातून प्रवाह वाहतो, पट्टी तापून वाकते आणि दिव्याचा संपर्क तुटतो. अंधारात प्रवाह घटतो, पट्टी निवते आणि संपर्क पुन्हा जुळतो. पट्टी तापण्यास वा निवण्यास काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंत वेळ लागत असल्यामुळे वीज चमकली किंवा मोटारीचा झोत पडला, तरी दिवा लगेच विझत नाही. विलंबासाठी वेगळा भाग लागत नाही. पदार्थाचा मंदपणाच तेथे उपयोगी पडतो. घट तुटला वा तापक जळाला, तर पट्टी थंडच राहते आणि दिवा अहोरात्र जळतो.

हे शेवटचे वैशिष्ट्य आकस्मिक नाही. विझलेला दिवा रात्री रहदारीला धोका निर्माण करतो आणि तो दिवसा काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. भर दुपारी जळणारा दिवा वीज वाया घालवितो. पण आपला बिघाड स्वतः जाहीर करतो. सुरक्षिततेसाठी अपव्यय पतकरण्याचा हा निर्णय त्या क्षुल्लक पट्टीच्या मांडणीत सामावलेला आहे. दिवसा जळणारे दिवे पाहून नागरिक पालिकेला बेफिकीर ठरवितात. त्यांतील काही दिवे वस्तुतः नियंत्रकाची ही योजना ठरल्याप्रमाणे पार पडल्याचे दाखवीत असतात. अर्थात ते तसेच जळत राहिले, तर दोष देखभालीचा असतो.

औष्णिक प्रकाराच्या जोडीने विद्युत् चुंबकीय रिलेवर चालणारे आणि पुढे सिलिकॉनचे प्रकाशग्राही व इलेक्ट्रॉनीय मंडल असलेले नियंत्रक आले. सिलिकॉन अवरक्त किरणांनाही प्रतिसाद देते. सायंप्रकाशातील तांबूसपणामुळे मापनात चूक होऊ नये म्हणून त्यावर गाळणी बसवितात. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युतीय उपकरणांतील कॅडमियमाच्या वापरावर निर्बंध लागू केले. त्यामुळे कॅडमियम सल्फाइडाचे घट यूरोपीय बाजारातून मागे पडले आणि जे साधन कालपर्यंत कोठेही मिळत होते, ते संग्राह्य बनले.

बैठक व प्रमाणीकरण : प्रत्येक दिव्याला स्वतंत्र नियंत्रक मिळाल्यावर तो हत्यारांवाचून बदलता येणे आवश्यक ठरले. अमेरिकेत तीन पात्यांची, घालून फिरविली असता घट्ट बसणारी बैठक रूढ झाली आणि ‘एएनएसआय सी १३६.१०’ या मानकाने तिची मापे निश्चित केली. पात्यांपैकी एक अधिक रुंद असल्यामुळे नियंत्रक उलटा बसू शकत नाही. ही बैठक फिरवून नियंत्रकाची खिडकी उत्तरेकडे करता येते. उत्तर गोलार्धात त्या दिशेने थेट ऊन कमी येत असल्याने मापन स्थिर राहते. म्हणून अनेक नियंत्रकांच्या माथ्यावर उत्तर दिशेची खूण असते. ब्रिटनमध्ये अशी बैठक वापरणारे द्विखंडी नियंत्रक आणि आवरणातील २० मिमी. भोकात कायमचे बसणारे लहान एकखंडी नियंत्रक, असे दोन्ही प्रकार प्रचलित झाले. तेथील ‘बीएस ५९७२’ हे या साधनांविषयीचे मानक १९८० चे आहे.

अमेरिकन नियंत्रकांच्या तळाशी पुष्कळदा महिन्यांचे व वर्षांचे आकडे छापलेले असतात. कामगाराने ते बसविताना व काढताना योग्य आकड्यावर खूण करावी, अशी अपेक्षा असते. खूण केलेला नियंत्रक म्हणजे एका खांबावरील सेवेचा दाखलाच असतो. प्रत्यक्षात अनेक नियंत्रकांवरील आकडे कोरे आढळतात. कामाची घाई आणि नोंदीविषयीची अनास्था या दोन्हींची ती साक्ष होय.

प्रकाशपातळीचा प्रश्न : स्वच्छ आकाश असता सूर्यास्तसमयी मोकळ्या जागी काहीशे लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६° गेला, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपतो, तेव्हा तो तीन-चार लक्सपर्यंत उतरतो. यांच्या दरम्यान कोठेतरी दिवा लावावयाचा असतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ ७० लक्स ही पातळी सर्रास वापरली गेली. औष्णिक नियंत्रकात दिवा मालविण्याची पातळी लावण्याच्या पातळीहून वरची असे. त्यामुळे दिवा सकाळी आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ जळे. इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांनी हा क्रम उलटविला : सायंकाळी ७० लक्सवर दिवा लागावा आणि सकाळी ३५ लक्सवरच तो मालवावा.

या उलट क्रमाचे कारण दिव्यात आहे. सोडियम व पारा यांच्या विसर्जनदीपांना पूर्ण तेजाला येण्यास काही मिनिटे लागतात. नीच दाबाच्या सोडियम दीपाला तर दहा मिनिटांच्या आसपास. म्हणून सायंकाळी त्यांना लवकर सुरुवात करून द्यावी लागते. सकाळी ते आधीच तेजावर असल्याने तशी गरज नसते. रोज एकंदर दहा मिनिटे वाचली, तरी एका दिव्यामागे वर्षाला साठ तास वाचतात आणि पूर्ण रात्र जळणारा दिवा वर्षाला सुमारे ४,१०० तास चालतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा हिशोबाला महत्त्व आले. पुढे क्षणात पूर्ण तेज देणारे एलईडी दीप आल्यावर पूर्वतयारीचे कारणच उरले नाही आणि पातळ्या आणखी खाली आणता आल्या. म्हणून नियंत्रकावर छापलेली लक्सची जोडी पाहून तो साधारणपणे कोणत्या पिढीचा आहे, याचा अंदाज बांधता येतो.

अर्धरात्र नियंत्रक : असामान्य नियंत्रकांत तर्काच्या दृष्टीने सर्वांत कुतूहलजनक असा हा प्रकार आहे. खर्च वाचविण्यासाठी ब्रिटनमधील अनेक स्थानिक संस्थांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत काही रस्त्यांवरील दिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवण्याचे ठरविले. त्यासाठी प्रत्येक दिव्यात घड्याळ बसविण्याऐवजी नियंत्रकालाच मध्यरात्र शोधावयास लावले गेले. तो अंधार पडण्यापासून उजाडण्यापर्यंतचा कालावधी मोजतो, त्याचा मध्य काढतो आणि आधीच्या रात्रींच्या अनुभवावरून पुढील रात्रीची मध्यरात्र ठरवितो. सायंकाळ व पहाट यांचा मध्य म्हणजे स्थानिक सौर मध्यरात्र होय. तो ऋतुमानाने फारसा हलत नाही. घड्याळाशिवाय काळ जाणण्याची ही रीत सूर्यतबकडीच्या परंपरेतील आहे; फरक इतकाच, की ती सूर्याच्या अनुपस्थितीवर चालते.

तिची मर्यादाही उघड आहे. शासनाने उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली, तरी नियंत्रकाला ते कळत नाही. त्यामुळे घड्याळाप्रमाणे दिवा तासभर उशिरा विझतो. नवा बसविलेला नियंत्रक पहिल्या रात्री मध्यरात्र जाणत नाही. ती त्याला शिकावी लागते. दिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवल्याने सुरक्षितता घटते की नाही, हा ब्रिटनमध्ये सार्वजनिक वादाचा विषय झाला. हे नियंत्रक म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हे, तर राजकीय इतिहासाचेही साधन आहेत.

भारतातील परिस्थिती : प्रकाशसंवेदी नियंत्रकाचा विकास उत्तरेकडील देशांत का झाला, हे अक्षांशावरून उमगते. लंडन येथे डिसेंबर व जून यांतील सूर्यास्तांच्या वेळांत प्रमाणवेळेनुसार सुमारे साडेचार तासांचा फरक पडतो. मुंबईत वर्षातील सर्वांत लवकरचा सूर्यास्त सायंकाळी ६ च्या सुमारास आणि सर्वांत उशिराचा ७·२० च्या सुमारास होतो. म्हणजे फरक जेमतेम १ तास २० मिनिटांचा. लंडनचा नागरी संधिप्रकाश जूनमध्ये पाऊण तासाहून अधिक रेंगाळतो, तर मुंबईचा सु. २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. ७० लक्सवरून ३५ लक्सवर येण्यास मुंबईत तीन-चार मिनिटे लागत असतील, तर लंडनच्या जूनमध्ये त्याच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ वर्षभर जवळपास ठरलेली असते आणि अंधार झपाट्याने पडतो. म्हणून पातळीच्या बारकाव्यांना येथे तुलनेने कमी महत्त्व आहे.

भारतात सामान्यतः एकेका दिव्यावर नियंत्रक न बसविता एका मंडलातील सर्व दिवे रस्त्याकडेच्या वितरण पेटीतून चालविले जातात. तेथे हाताने चालवावयाचा खटका, कालनियंत्रक स्विच किंवा अक्षांश-रेखांशांवरून सूर्यास्त काढणारे इलेक्ट्रॉनीय घड्याळ असते. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात एक कोटीहून अधिक पारंपरिक दिव्यांच्या जागी एलईडी दीप बसविण्यात आले आणि त्याबरोबर मध्यवर्ती नियंत्रणपद्धतीचाही प्रसार झाला. मात्र घड्याळाची जुनी उणीव येथेही आहे. आषाढ-श्रावणात भर दुपारी आभाळ काळवंडते, तेव्हा वाहनचालकाला दिवा हवा असतो आणि घड्याळाच्या लेखी दिवस असतो. पावसाळ्याचा विचार करता घड्याळ व प्रकाशसंवेदक यांची जोडी उपयुक्त ठरते.

संग्रह व त्याची शिस्त : नियंत्रकांचे संग्राहक बहुतांशी पथदीपांच्या आवडीतून या विषयाकडे वळले. सोडियम दीपांची जागा एलईडी दीपांनी घेतली, तेव्हा लक्षावधी दिवे थोड्या वर्षांत खाली उतरविले गेले व त्यांच्याबरोबर नियंत्रकही गेले. जुने नियंत्रक नव्या दिव्यांवर पुन्हा वापरणे सोयीचे नव्हते. एलईडी दीपाचे चालक-मंडल सुरू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढते आणि जुन्या नियंत्रकाचे संपर्कबिंदू त्यामुळे वितळून चिकटू शकतात. अमेरिकेत ‘एएनएसआय सी १३६.४१’ या मानकाने जुन्या तीन पात्यांच्या बैठकीत दिव्याचे तेज कमी-अधिक करणारे व संवेदकांचे जादा संपर्क घातले. बैठक टिकली, तिच्यावर आता दूरनियंत्रणाची साधने बसतात.

संग्राहकाच्या लेखी ‘असामान्य’ ठरणाऱ्या वस्तू अनेक प्रकारच्या असतात : नेहमीपेक्षा वेगळ्या विद्युत् दाबासाठी बनविलेले नियंत्रक, खिडकीवर सरकती पट्टी ठेवून पातळी बदलू देणारे, माथ्याऐवजी कडेने पाहणारे, संपूर्ण रस्त्याचे मंडल चालविणारे, तसेच नियंत्रकाच्या जागी बसवून मंडल कायमचे जोडणारी टोपी. या टोपीत प्रकाश ओळखणारे काहीच नसते. दिव्याचे नियंत्रण अन्यत्र गेले, याची ती खूण असल्यामुळे व्यवस्थेतील बदल दाखविण्यास ती एखाद्या दुर्मिळ नलिकेइतकीच उपयोगी पडते. दुर्मिळता आणि महत्त्व या दोन गोष्टी एक नव्हेत. लक्षावधींच्या संख्येने बनलेला साधा औष्णिक नियंत्रक पथदीपांच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे आणि तो सर्वत्र मिळतो या समजुतीमुळेच जतन होत नाही.

वस्तूबरोबर तिची हकीकत नोंदविली नाही, तर संग्रहाचे मूल्य फार उणावते. नियंत्रक कोणत्या गावी, कोणत्या प्रकारच्या दिव्यावर, कोणत्या दिशेस तोंड करून होता आणि तो केव्हा व का काढला, ही माहिती वस्तूवरून नंतर मिळत नाही. अक्षरपट्टी घासून स्वच्छ करणे, पिवळे पडलेले आवरण बदलणे यांसारख्या डागडुजीने पुरावा नष्ट होतो. आवरण उन्हाने पिवळे पडले, म्हणजे आत कमी उजेड पोहोचतो आणि दिवा सायंकाळी लवकर लागून सकाळी उशिरा मालवतो. वापरलेल्या नियंत्रकाची आजची पातळी छापील पातळीशी ताडून पाहिली, तर ही झीज किती झाली, हे मोजता येते. अशा चाचणीत दीप्तिमापकाने लावण्याची व मालविण्याची पातळी आणि विलंबाचा काळ, अशा तीन संख्या नोंदविणे पुरेसे असते. चाचणी अनेकदा करावी लागते. कारण कॅडमियम सल्फाइडाचा घट आधी अंधारात होता की उजेडात, यावर त्याचे वाचन काहीसे अवलंबून असते.

काही पथ्ये आवश्यक आहेत. या साधनांतील मंडल बहुधा थेट मुख्य विद्युत् पुरवठ्याशी जोडलेले असल्यामुळे उघड्या नियंत्रकाची चाचणी धोकादायक असते. कॅडमियम सल्फाइड विषारी आहे. फुटलेला घट हाताळू वा खरवडू नये. काही जुन्या कालनियंत्रकांत पाऱ्याचे स्विच असतात. त्याखेरीज खांबावरील नियंत्रक ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो टाकाऊ दिसला, तरी परस्पर काढणे हा गुन्हा तर होईलच, शिवाय रस्ता अंधारात जाण्याचा वा विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. उत्तम संग्रह हे देखभाल करणाऱ्या कामगारांशी व ठेकेदारांशी असलेल्या परिचयातून आणि मोडीत काढलेल्या मालाच्या रीतसर खरेदीतून उभे राहिले आहेत. त्या कामगारांच्या आठवणीही वस्तूंइतक्याच मोलाच्या असतात. कोणता नियंत्रक पावसात दगा देई, कोणत्याची खिडकी पक्ष्यांच्या विष्ठेने झाकली जाई, हे कारखान्याच्या पत्रकात सापडत नाही.

महत्त्व : तंत्रविद्येच्या इतिहासात वाफेचे एंजिन, विमान यांसारख्या भव्य यंत्रांचे जतन होते, ज्या लहान साधनांनी सार्वजनिक जीवनाचा दिनक्रम चालविला, त्यांची उपेक्षा होते. दिवे लावणाऱ्या कामगाराचा अंदाज, घड्याळाची चकती, काळी कांडी, वाकणारी पट्टी आणि मध्यरात्र शोधणारे इलेक्ट्रॉनीय मंडल, हे एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी दिलेले उत्तर होय. मध्यवर्ती नियंत्रणात हे उत्तर आता खांबावर नसून दूरच्या संगणकातील एका आकड्यात असते. तो आकडा बदलला, की आधीचा आकडा वस्तुरूपाने मागे राहत नाही. बर्लिनसारख्या शहरात एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चाळीस हजारांहून अधिक वायुदीप होते आणि लंडनमध्ये सुमारे दीड हजार वायुदीप टिकून राहिले. त्यामुळे तेथील वायुदीपांच्या नियंत्रणाच्या रीती पाहता आल्या. भारतीय नगरपालिकांच्या वितरण पेट्यांतील जुने कालनियंत्रक, हाताचे खटके व दिवे लावण्या-मालविण्याच्या वेळापत्रकांचे तक्ते यांना मात्र असे संरक्षण नाही. पेट्या बदलल्या जात असताना त्यांतील एखादी नोंदीसह राखून ठेवली, तर येथील शहरांनी रात्रीची सुरुवात कशी ठरविली, याचा पुरावा पुढील अभ्यासकांना उपलब्ध होईल. [→ पथदीप, प्रकाशविद्युत् घट, विद्युत् प्रकाशन].